एक वर्ग, चार पायऱ्यांची पोरं: कृतीतून शिकवण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते पाचवीला शिकवणारे शिक्षक भेटले की हेच प्रश्न निघतात, मग शाळा जिल्हा परिषदेची असो, नगरपालिकेची नाहीतर अनुदानित, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. उदाहरणं जास्त करून गणिताची आणि तिसरीची आहेत, कारण माझ्या मते खरी बोंब तिसरीतच सुरू होते, तोपर्यंत पोरगं पाठांतरावर कसंबसं निभावून नेतं.

एकाच वर्गात एवढा फरक पडतोच कसा? आधी कोणी शिकवलंच नाही का?

शिकवलंय हो, आधीच्या बाईंवर खापर फोडायची घाई नको. एक पोर अंगणवाडीत रोज जायचं, दुसऱ्याला धाकटी बहीण सांभाळायला घरी ठेवायचे, एकाच्या घरी पेपर येतो, एकाच्या घरात शाळेची पुस्तकं सोडून छापील कागद म्हणजे किराण्याची पुडी. शिवाय शिक्षण हक्क कायदा 2010 ला लागू झाल्यापासून चौथीपर्यंत तरी मुलं वयानुसार पुढच्या वर्गात जातात, आणि ते मला चूक वाटत नाही, नापास करून मागे ठेवल्याने कोणाला वजाबाकी येत नाही. पण त्याचा अर्थ असा की तिसरीच्या वर्गात अक्षरं न ओळखणारं पोर आणि गोष्ट घडाघडा वाचणारं पोर शेजारी शेजारी बसणार. पुस्तक मात्र दोघांचं एकच.

मग काय प्रत्येकाचं वेगळं पाठाचं टाचण काढू? 35 पोरं आहेत माझ्याकडे.

नाही, तसं कोणी करू शकत नाही आणि करायची गरजही नाही. विषय सगळ्यांचा एक, काम वेगळं, एवढंच. समजा उसना घेऊन वजाबाकी शिकवायचीय, 52 वजा 28. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं सगळ्यांना गोल बसवायचं, मधे काड्या टाकायच्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या, आणि विचारायचं की यातल्या 28 काड्या मला द्या. पोरं दोन गठ्ठे लगेच काढून देतात. मग आठ सुट्या पाहिजेत आणि हातात दोनच, तिथे अडतात, भांडतात, आणि कोणीतरी म्हणतंच की बाई एक गठ्ठा सोडू का. ते वाक्य पोरांकडून येईपर्यंत गप्प बसायचं, आपल्याला सगळ्यात अवघड तेच जातं.

यानंतर वर्ग फुटतो. ज्यांना अजून 20 पर्यंतच्या वस्तू मोजतानाच गडबड होते ते गठ्ठे बांधायचं आणि सोडायचं कामच करतात, 34 दाखव, आता एक गठ्ठा सोडून तेच 34 पुन्हा दाखव, म्हणजे तीन दशक चार सुटे आणि दोन दशक चौदा सुटे हे एकच आहे हे हाताला कळतं. मधले काड्या घेऊन वजाबाकी करतात आणि प्रत्येक कृतीनंतर वहीत लिहितात. ज्यांना येतंच ते काड्यांना हात न लावता करतात आणि वरून एक प्रश्न सोडवतात, तो पुढे सांगते. विषय एक, साहित्य एक, टाचणाचं पानही एकच, फक्त त्यात तीन ओळी जास्त.

कोण कुठे आहे हे ओळखायचं कसं? लेखी चाचणी घेतली तर सगळेच कॉपी करतात.

लेखी नकोच, एकेकाला जवळ बोलवा. वाचनासाठी अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट एवढं एका कागदावर पुरतं, मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या, 2005 पासून निघणाऱ्या 'असर' अहवालात गावोगावी हीच पद्धत वापरतात. परिच्छेदापासून सुरू करा, जमला तर गोष्ट, अडला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. एका पोराला फार तर पाच मिनिटं, रोज पाच-सहा पोरं घेतली तर आठवड्याच्या आसपास वर्ग होतो.

गणितात मात्र बरोबर की चूक एवढं बघून भागत नाही, चूक कशी झाली ते बघा. 52 वजा 28 चं उत्तर एकाने 36 लिहिलं आणि एकाने 34. दोन्हीला लाल फुली, पण पहिल्याने 8 मधून 2 काढले कारण त्याच्या डोक्यात नेहमी मोठ्यातून लहान काढायचं असं बसलंय, त्याला संख्येची एकक-दशक ही ओळखच नाही. दुसऱ्याने उसना घेतला, 12 मधून 8 काढून 4 लिहिले, फक्त दशकाचे 5 चे 4 करायला विसरला. पहिल्याला परत गठ्ठ्यांवर न्यायला पाहिजे, दुसऱ्याला दोन उदाहरणं मोठ्याने बोलत करायला लावली तरी पुरेल. दोघांना एकाच 'कच्च्या' गटात टाकलं तर दुसरा कंटाळतो आणि पहिल्याला तरीही कळत नाही.

गट पाडले की पोरांना कळतंच की आपला गट ढ आहे. मग?

कळतं, आणि तुम्ही गुलाब, मोगरा, जास्वंद अशी नावं दिलीत तरी दुसऱ्या दिवशी कळतं. नावाने फरक पडत नाही, गट हलता ठेवल्याने पडतो. वाचनात मागे असलेला पोरगा मोजमापात पुढे असू शकतो, बापाबरोबर बाजारात बसणारी पोरं तोंडी हिशोबात कित्येकदा वर्गात पहिली असतात आणि वहीत शेवटची. म्हणून विषयागणिक गट वेगळे पाहिजेत आणि दोन-तीन आठवड्यांनी बदलले पाहिजेत. जो गट जूनमध्ये पाडला आणि मार्चपर्यंत तसाच राहिला तो गट नाही, ती जात झाली. हे कडक वाटेल पण मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या वर्गातले कायमचे 'कच्चे' कोणत्या वस्तीतून येतात ते हजेरीपत्रक काढून बघा जरा.

आणि रोज गट नकोच. परिपाठ, गोष्ट, गाणी, परिसराचा तास, सगळ्यांनी मिळून. गणितातही आठवड्यातून दोनदा मिश्र जोड्या लावायच्या.

साहित्याला पैसे कोण देणार?

बहुतेक गोष्टींना पैसे लागतच नाहीत. काड्या, चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणं, रबरबँड, जुन्या लग्नपत्रिका (शब्दकार्डासाठी यांच्याइतका चांगला पुठ्ठा नाही), दुकानातून आणलेली रिकामी पुडकी, त्यांच्यावरच्या किमती आणि ग्रॅम. शंभर मण्यांची माळ एकदा करून ठेवा, दहा लाल दहा पांढरे असे, आणि कपडे वाळत घालायचा चिमटा घ्या, 47 वर लाव म्हटलं की पोरगं एकेक मोजतं का चार रंग सोडून सात मोजतं का पन्नासवरून तीन मागे येतं हे बघितलं की वेगळी चाचणी घ्यायची गरज नाही. ही एक माळ मला कित्येक विकतच्या किटपेक्षा जास्त कामाला आलीय. शाळेच्या कपाटात गणित पेटी असतेच बऱ्याच ठिकाणी, सील न फोडलेली, हरवली तर भरून द्यावी लागेल म्हणून. ती बाहेर काढा.

साहित्यावर सगळं येतं पण वहीत शून्य. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात साहित्याचा दोष नाही, मधला टप्पा उडवला जातो. आज काड्या, उद्या एकदम फळ्यावर उभी मांडणी, पोराला या दोघांचा संबंधच दिसत नाही. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात तीन टप्पे मांडले, हाताने करणं, चित्राने दाखवणं, चिन्हाने लिहिणं. मधलं चित्र आपण खातो. 52 साठी पाच उभ्या रेघा आणि दोन टिंबं काढायची, एक रेघ खोडून दहा टिंबं काढायची, आठ टिंबं आणि दोन रेघा खोडायच्या, उरलं ते 24. हे आठ-दहा दिवस चालू द्या, आणि चित्राच्या शेजारीच आकडे लिहून घ्या, वेगळ्या पानावर नाही. मग एक दिवस पोरगं स्वतःच म्हणतं की बाई चित्र काढायचा कंटाळा आला, नुसतं करू का. तेव्हा काड्या बंद.

उलट बाजूही आहे. वर्षभर काड्या हातात ठेवल्या तर पोरं काड्यांवरच अवलंबून राहतात, 9 अधिक 6 ला पण काड्या मागतात. साहित्य काढून घ्यायची वेळ ओळखणं हे साहित्य वापरण्याइतकंच महत्त्वाचं, पण प्रशिक्षणात याच्यावर कोणी बोलत नाही, तिथे फक्त रंगीत फोटो.

आणि पोराच्या हातात साहित्य असताना तोंड बंद असेल तर तो नुसता खेळ आहे. काय केलंस, का केलंस, आता किती उरले, हे बोलून घ्यायचं.

पोरं सदतीस सांगितलं की 73 लिहितात. हे पण स्तराचंच का?

नाही, यात हुशार पोरंही फसतात, कारण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, कानावर सात पहिला पडतो. त्यात एकोणतीस, एकोणपन्नास, म्हणजे बोलताना पुढच्या दशकाचं नाव आणि लिहिताना मागचं. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'तीस सात' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकर समजावून सांगत होत्या की अडचण खरी आहे आणि अर्धा महाराष्ट्र विनोद करत होता. माझं मत विचाराल तर सदतीस सोडायचं नाही, बाजारात तेच चालतं, पण वर्गात गठ्ठे दाखवताना आधी 'तीन दशक सात' म्हणायचं, मग सदतीस. ज्या पोरांना जमलंय त्यांच्यावर हे लादायचं नाही, ज्यांचे आकडे उलटतात त्यांच्यापुरतं ठेवायचं.

भाषेत कृती काय करणार? वाचन तर वाचूनच येणार ना?

वाचूनच येणार, पण आपण बाराखडी पाठ करून घेतो आणि त्याला वाचन म्हणतो. क का कि की गात जाणारं पोर 'काकी' समोर ठेवलं की गप्प. त्यापेक्षा तीन-चार अक्षरं आणि काना एवढंच घेऊन कार्डांनी शब्द बनवायला द्या, म, ल, क, न एवढ्यात माला, काम, मान, कान, नाक, लाकनाम असलं काहीतरी पण बनतं आणि पोरं हसतात, हसू द्या, अर्थ नसलेला शब्द वाचला म्हणजे खरंच वाचलं, पाठांतर नाही.

एकाच गोष्टीवर सगळा वर्ग चालवता येतो. आधी मोठ्याने गोष्ट सांगा, हावभाव वगैरे करून. मग अक्षरं शिकणारे चित्रं क्रमाने लावून त्याखाली नावाची कार्डं ठेवतात, शब्द वाचणारे वाक्यांच्या कापलेल्या पट्ट्या जुळवतात, परिच्छेद वाचणारे प्रश्न तयार करतात (उत्तरं नाही, प्रश्न, ते जास्त अवघड), आणि वरचे शेवट बदलून लिहितात किंवा संवाद लिहितात. शेवटी सगळे मिळून नाटक बसवतात आणि तिथे अक्षरंवाला पोरगा कोल्हा झालेला असतो आणि भाव खाऊन जातो.

पुढे असलेल्या पोरांचं काय? ती पाच मिनिटांत संपवतात आणि दंगा करतात.

त्यांना तसलीच अजून दहा उदाहरणं देऊ नका, ती शिक्षाच की, लवकर संपवलं म्हणून जास्त काम. काम खोल द्या. मघाशी म्हटलं तो प्रश्न हा: जिचं उत्तर 24 येतं पण उसना घ्यावा लागत नाही अशी वजाबाकी शोध, मग घ्यावाच लागेल अशी शोध, अशा किती आहेत सांग. किंवा 24 उत्तर येईल असं शाब्दिक उदाहरण लिही, पण त्यात 'उरले' हा शब्द नको, 'किती जास्त' पाहिजे. चौथीत असाल तर एकाच लांबीच्या कागदी पट्ट्या घड्या घालून विचारा की 1/3 मोठा का 1/4, आणि का, चार मोठा म्हणून 1/4 मोठा म्हणणारी हुशार पोरं पण भरपूर निघतात.

दुसऱ्याला शिकवायला बसवणं ठीक, कधीकधी. पण एकच मुलगी वर्षभर बिनपगारी बाई झालेली मी बघितलीय, तिचं स्वतःचं शिकणं थांबतं.

पोर्शन कधी पूर्ण करू? तपासणीला साहेब आले तर काय दाखवू?

साहेबांना कायदा दाखवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिलीत, त्यात अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं आहे हे खरं, पण त्याच यादीत प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं पण आहे, आणि कलम 29 मध्ये कृती, शोध आणि शोधनातून शिकणं. 2021 पासूनचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुद्धा तिसरीपर्यंत वाचन आणि संख्याज्ञान पक्कं करण्याबद्दलच आहे. व्यवहारात म्हणाल तर रोज एक तास पायरीप्रमाणे, बाकी वेळ इयत्तेप्रमाणे, असं बहुतेकांना झेपतं. सगळाच दिवस मागचं शिकवत बसलात तर ती पोरं इयत्तेचं कधी ऐकणारच नाहीत.

एकच शिक्षक आणि दोन वर्ग असतील तर?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाला दोनच शिक्षक, त्यामुळे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे हे ठरलेलंच. खरं सांगू का, तिथे हे सोपं जातं, कारण इयत्तेची भिंत आधीच पडलेली असते. मापन घ्या, एक गट वितीने आणि पावलाने वर्ग मोजतो, दुसरा मीटरपट्टीने, मग दोघांची उत्तरं फळ्यावर, आणि प्रत्येकाची वीत वेगळी म्हणून उत्तर वेगळं हे पोरंच ओरडून सांगतात. अर्धा वर्ग तुमच्याकडे, अर्धा साहित्याकडे, वीस मिनिटांनी अदलाबदल. साहित्याकडे बसलेल्यांचं काम असं पाहिजे की उत्तर त्यांचं त्यांना तपासता येईल, नाहीतर दर मिनिटाला 'बाई झालं, बाई बघा'.

गोंगाट होतो. होणारच. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर व्हरांड्यात किंवा झाडाखाली जा, आणि काम वाटण्याआधी सूचना द्या, काड्या हातात पडल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही.

ज्यांची घरची भाषा मराठी नाही ती पोरं मागे पडतात.

नंदुरबारला पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, गोंडी, पालघरकडे वारली, अशा शाळांत पोर मागे आहे का फक्त आपली मराठी त्याला कळली नाही हे आधी तपासा. वस्तू समोर असल्या की ते हाताने बरोबर करून दाखवतं. अडतं ते 'पेक्षा', 'प्रत्येकी', 'उरलेले' असल्या शब्दांवर. गटात आधी त्यांच्या भाषेत बोलू द्या, मग मराठीत सांगू द्या, आणि शिक्षकाने त्यांच्या भाषेतले निदान आकडे आणि प्रश्न विचारायचे शब्द शिकून घ्यावेत.

ऊसतोडीला जाणारी पोरं दिवाळीनंतर गायब, एकदम उन्हाळ्यात परत.

हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ थांबवता आली तर उत्तम. जाणारच असतील तर शिक्षण हमी कार्ड द्या (ते दाखवून पोराला तिथल्या शाळेत बसता येतं) आणि त्याबरोबर पोर नेमकं कुठपर्यंत आलंय हे दोन ओळीत लिहून द्या, कारण तिथल्या शिक्षकाला तिसरी एवढंच कळून उपयोग नाही. परत आल्यावर वर्ग ज्या पानावर आहे तिथून सुरू करू नका, परत पाच मिनिटं वाचन घ्या आणि त्या पायरीच्या गटात बसवा. फडावर पोरं मोळ्या मोजतात, टनांचं बोलणं ऐकतात, ते वर्गात वापरा.

एखादं पोर काही केल्या पुढे सरकत नाही.

आधी डोळे आणि कान. फळा दिसत नसलेली पोरं 'कच्ची' म्हणून मागे बसवलेली असतात, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्यांना नेमकं हे पोर दाखवा. तेही नीट असेल आणि महिनोन् महिने अक्षरं उलटीपालटी होत असतील तर अध्ययन अक्षमता असू शकते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना कळवा. निदान आपण करायचं नाही आणि पालकांसमोर तो शब्द उच्चारायची घाई तर अजिबात नको.

कोणी डोळ्याने शिकतं, कोणी कानाने, कोणी हाताने. तसे गट करू का?

नका करू. प्रशिक्षणात हे अजून सांगतात पण त्याला पुरावा मिळालेला नाही. सगळीच पोरं बघून, ऐकून, करून शिकतात. गट पाडायचे ते काय येतं यावरून.

पालक म्हणतात शाळेत नुसतं खेळवतात, वही कोरी.

वही कोरी ठेवू नका मग. कृतीचं चित्र आणि शेवटी चार उदाहरणं रोज वहीत आली पाहिजेत, पालकांना तेवढंच दिसतं. आणि पालक सभेत भाषण करण्यापेक्षा त्यांनाच काड्या द्या आणि 52 वजा 28 करून दाखवा म्हणा, उसना म्हणजे काय ते चाळिशीत पहिल्यांदा कळलेले बाप बघितलेत.

हे सगळं बाहेरचं फॅड आहे ना?

1945 ला बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर (दोन्ही पालघरकडेच) बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी पोरांना शिकवत होत्या, महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून दगड, पानं, बिया, शिंपले वापरत होत्या, आणि पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. पायरीप्रमाणे गट करण्याचं म्हणाल तर 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली, नेमून मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवलं, त्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केला, मुलांना फायदा झालेला दिसला, आणि 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांमध्ये हे दोघं होते. त्यामुळे फॅड असेल तर आपलंच आहे.

सोमवारपासून सुरू करायचं तर नेमकं काय करू?

एक विषय धरा, सगळे नको. आठवडाभर तोंडी तपासणी, सोबत पोरांकडूनच काड्या आणि चिंचोके गोळा. दुसऱ्या आठवड्यात दोनच गट, तीन-चार नको, आणि मागे असलेल्या गटाजवळ तुम्ही स्वतः बसा, कारण सहसा उलटं होतं, पुढच्यांकडे बाई आणि मागच्यांकडे चित्र रंगवायचा कागद. रोज वहीत तीन पोरांची नावं आणि त्यांनी आज काय केलं एवढं लिहा, वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी त्यातूनच निघतात, वर्षाअखेरीस रात्र जागून 'समाधानकारक' लिहीत बसावं लागत नाही. आणि शनिवारी काड्या मोजून डब्यात भरायचं काम मागे असलेल्या गटाला द्या, दहाचे गठ्ठे किती झाले आणि सुट्या किती उरल्या ते डब्यावर लिहून घ्या.